तारांगणातली बाई आणि कॅसेट

किस्से काय, कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. एक सांगायला बसलं की दुसरा म्हणतो, माझं काय? संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं तारांगण, खाली प्राण्यांचे सांगाडे अन् उत्खननातली खापरं. शोमध्ये बोलायचं काम माझं. संग्रहालयाच्या साहेबांना तेच खुपायचं. "लई बोलता बाई! कॅसेट लावतो, तुम्ही तिकीट खिडकीवर बसा," ही रोजची धमकी.

एकदा खापरांच्या कपाटापुढं एक सासूबाई सुनेला म्हणाल्या, "बघ! सातवाहनांच्या काळापासून टिकलंय. तुझ्या हातात मडकं दोन दिस टिकत नाय!"

सून वाकून बघत म्हणाली, "आत्याबाई, हे बी फुटकंच हाय की!"

मी फिस्सकन हसले, तर सासूबाई माझ्यावरच उखडल्या.

रमजानच्या शेवटी शहागंजातले एक कापडवाले चाचा आले. शो संपला तसे थेट माझ्या चंद्र-तारे दाखवायच्या मशीनपाशी! "बाजी, चाँद तो आपके हाथ में है. एक दिन आगे सरका दो ना, माल अभी बाकी है!"

"चाचा, ईदची वाट बघणारी पोरं मारतील मला!" म्हटलं. ईदला शीरखुर्म्याचा डबा मात्र आठवणीनं आला.

वाळूजचा एक कामगार नाइट शिफ्ट करून पहिला शो गाठायचा अन् दिवे मालवले की घोरायचा. टोकलं तर म्हणतो, "मॅडम, तुमच्या आवाजानं लई गाढ लागते!" नेमकं ते साहेबांनी ऐकलं. झालं! कॅसेट आलीच. भारदस्त आवाज, शुद्ध भाषा. "उद्यापासून ही लागणार." मी घरी जाऊन ढसाढसा रडले.

पण खिडकीवर मी एकही दिवस बसले नाही. का, ते ऐका.

दुसऱ्या दिवशी पाचोडची मंडळी ट्रक भरून आली. तिकडं पावसाचा पत्ता नव्हता. साहेब ऐटीत पहिल्या रांगेत, मी दाराशी तोंड फुगवून उभी. कॅसेट सुरू झाली, सप्तर्षी उगवले, अन् फटकन लाइट गेली! चांदण्या गायब, कॅसेट गप्प. अंधारात लेकरं रडायला लागली, माणसं दाराकडं धावली. साहेब अंधारात खुर्च्या चाचपत राहिले.

मी खणखणीत आवाज लावला, "बसा मंडळी, घाबरू नका! आभाळ भरून आलंय!"

टाळ्या, शिट्ट्या! अन् मागून एका म्हाताऱ्याचा आवाज, "बसा रे खाली समदे! बाई, पाऊस पडंस्तोवर आम्ही उठत नाय!"