शिकारीच्या शनिवारची कुस्ती

मार्लिस हॉकस्ट्रा आयोवातल्या केलर्टन विद्यापीठाच्या पैलवानांची बस चालवते. कुलगुरूंचं नाव विचारलं तर आमच्या गावातली निम्मी माणसं डोकं खाजवतील, पण मार्लिस म्हटलं की कुणीही सांगेल : उंच, खांद्यांनी रुंद, भर हिवाळ्यात खिडकी उघडी टाकून गाडी हाकणारी बाई. ही खिडकीची सवय तिला पैलवानांनी लावली. वजन उतरवायचं म्हणून पोरं बसमधला हीटर पूर्ण सोडायला लावायची, एकावर एक स्वेटर चढवून मागच्या बाजूला जागच्या जागी उड्या मारायची आणि तोंडातली लाळसुद्धा कपात थुंकून वजन कमी करायची. बाहेर बर्फ, आत भट्टी. वजनकाटा एकदा पार पडला की हीच पोरं पीनट बटरच्या सँडविचांवर अशी तुटून पडायची, की बघणाऱ्याला वाटावं विद्यापीठ ह्यांना उपाशी मारतंय.

तिचा जन्म डुकरांच्या फार्मवरचा. धाकट्या भावाला, मर्विनला, तिनं लहानपणी गवताच्या माळ्यावर रोज चितपट केलं, पण शाळेच्या संघात गेला तो मर्विन. मुलींना तेव्हा गादीवर कोणी घेत नसे, आणि मार्लिसनंही तोंड मिटून ते सोसलं. पुढे वर्षानुवर्षं शाळेची पिवळी बस चालवली, लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मग कुणीतरी विद्यापीठाच्या पैलवानांच्या बसवर ड्रायव्हर हवा असं सांगितलं. तिचं आयुष्य तिथून सुरू झालं असं ती म्हणते, आणि ती हे बोलताना हसत नाही.

कॉलेजच्या खेळाडूंना विद्यापीठानं थेट पैसे द्यायचे असं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद हिला झाला. इतकी वर्षं तिकिटांच्या जिवावर मोठमोठ्या कोचांचे तळ्याकाठी बंगले झाले, आणि ज्यांचे गुडघे मोडले त्यांना पिझ्झा खायचा तर आईला फोन करावा लागे. आता मिळू देत की पोरांना, असं ती कॅफेत टेबलावर हात आपटून सांगायची. शेजारच्या टेबलावरची म्हातारी मंडळी कुरकुरली तर त्यांच्याही टेबलावर आपटायची.

पण पैसा झाडाला लागत नाही. फुटबॉलवाल्यांचा वाटा सगळ्यांत मोठा, बास्केटबॉलवाल्यांचा त्याखालोखाल, आणि तो द्यायचा तर कुठंतरी कात्री लागणारच. पहिल्यांदा पोहणाऱ्यांचा संघ गेला. तलावातलं पाणी सोडून दिलं आणि तिथं खुर्च्यांचे ढीग लागले. मग उन्हाळ्यात आमचा सर्वांत चांगला पैलवान, टेट ब्रनिंग, राज्यातल्या मोठ्या विद्यापीठानं घसघशीत पैसे देऊन उचलून नेला. आणि शाळा-कॉलेजं उघडल्यावर क्रीडा संचालक लिंडहोमनं कुस्तीचे कोच टॉयशर यांना बोलावून घेतलं.

लिंडहोम हा ॲरिझोनाहून आलेला माणूस, स्वभावानं वाईट नव्हे. त्यानं साफ सांगितलं, की यापुढे ज्या खेळाला माणसं येतील तोच टिकेल. मोठ्या विद्यापीठाशी इथं घरी एक लढत ठेवा. क्रीडागृह शेवटच्या खुर्चीपर्यंत भरून दाखवा. भरलं, तर कुस्ती राहील, आणि तिकिटांतला वाटा पैलवानांच्याही हातावर पडेल. रिकाम्या खुर्च्या दिसल्या, तर वसंतात संघ बंद.

मोठ्या विद्यापीठानं डिसेंबरातला पहिला शनिवार दिला. लिंडहोम बेहद्द खूश झाला. त्या दिवशी ना फुटबॉल ना बास्केटबॉल, सबंध परगण्यात लग्नसुद्धा नाही, असा कोरा करकरीत शनिवार. कोच टॉयशर आयोवातच जन्मलेले, पण कुस्तीच्या हंगामात त्यांना वजन आणि डाव यांपलीकडे जगात काही दिसत नाही. त्यांनीही डोळे झाकून सही ठोकली. हा शनिवार इतका रिकामा का, हे विचारावं असं दोघांनाही वाटलं नाही.

मार्लिसला पत्रक दाखवलं तेव्हा ती मटकन बसमधल्या पायरीवर बसली.

"कोच, हा हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस आहे."

आमच्याकडे त्या दिवशी पाद्रीसुद्धा रानात असतो. बाप, काका, आजोबा, गादीवर वाढलेल्या सगळ्या पिढ्या केशरी जाकिटं घालून पहाटेपासून ओढ्याकाठच्या झाडीत उभ्या असतात. म्हणजे नेमकी जी माणसं कुस्तीला येतात, तीच. तारीख बदलायचा प्रश्न नव्हता, टीव्हीवाल्यांनी संध्याकाळी सहाची वेळ पक्की केली होती. विद्यार्थी आणि गावातली मंडळी धरून बरीच तिकिटं गेली, पण वरच्या बाजूच्या सात-आठशे खुर्च्या तशाच राहिल्या. कोच चार दिवस नुसते डोकं धरून होते.

मार्लिसनं डोकं धरलं नाही. तिनं विचार केला, की शिकार सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात थांबवावीच लागते, कायदाच आहे. डिसेंबरात दिवस पाचच्या सुमाराला संपतो. म्हणजे माणसं मोकळी होतात, फक्त ती रानात असतात, थकलेली असतात, आणि बुटांसकट चिखलात माखलेली असतात. त्यांना घरी जाऊन आंघोळ करू दिली की संपलं, ती सोफ्यावरून उठायची नाहीत. त्यांना रानातूनच उचलायला हवं. आणि ह्या परगण्यातल्या प्रत्येक खडीच्या रस्त्यावर, प्रत्येक शेताच्या फाटकाशी रोज सकाळी कोण जाऊन थांबतं? शाळेची बस.

तिनं फोन हातात घेतला. अकरा गावांच्या पिवळ्या बसा चालवणारे ड्रायव्हर तिचे जुने सोबती. निम्म्यांची मुलं कधी ना कधी टॉयशरांच्या हाताखाली खेळलेली. गावोगावच्या शाळांच्या अधीक्षकांना तिनं स्वतः जाऊन गाठलं. एकानं विम्याचं कारण काढलं, तर तिनं त्याच्या कचेरीच्या भिंतीवरचा फोटो दाखवला. फोटोत तो स्वतः कुस्तीच्या पोशाखात उभा होता, केस होते तेव्हाचा. त्यानं परवानगी दिली.

राहता राहिला मर्विन, आणि खरी अडचण तीच होती. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना हाक्याची माणसं कुठं उभी राहायची, कोणी झाडी हलवायची आणि कोणी बंदूक धरायची, हे सगळं मर्विन ठरवतो. तो बसमध्ये चढला तर सगळे चढतील, तो घरी गेला तर सगळे घरी जातील. आणि मर्विन उन्हाळ्यापासून कुस्तीचं नाव काढू देत नव्हता. त्याच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये एक जुनी गादी आहे. पंचवीस वर्षं त्यानं तिथं गावातल्या पोरांना फुकट शिकवलं, आणि टेट ब्रनिंग त्याच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याला बुटांची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. टेट गेला, आणि मर्विननं त्या गादीवर बियाण्याची पोती रचून ठेवली.

मार्लिस गेली तेव्हा तो शेडमध्ये बंदूक पुसत होता. तिनं बसची सगळी योजना सांगितली. त्यानं मान वर केली नाही.

"मी येणार नाही. विकल्या गेलेल्या पोराला टाळ्या वाजवायला सगळा परगणा घेऊन येऊ होय?"

"टाळ्या कोण मागतंय? शिव्या घाल. फक्त तिकीट काढून घाल."

"तू त्याची बाजू घेतेस."

"घेते. तू तुझा मका कुठं नेऊन विकतोस, सांग बरं? गावातल्या कोठारात की नदीपलीकडे?"

नदीपलीकडे दर जास्त मिळतो आणि मर्विनचा ट्रक दर शरद ऋतूत पूल ओलांडताना सगळ्यांना दिसतो.

"मक्याला मी पट काढायला शिकवलं नव्हतं, मार्लिस," तो शेवटी म्हणाला.

भावाचा आवाज असा तिनं आईच्या दफनानंतर ऐकला नव्हता. ती पोत्यांजवळ जाऊन उभी राहिली.

"नव्हतं शिकवलं," ती म्हणाली. "पण टेट गेला तो पैसे मिळाले म्हणून गेला. बाकीची पोरं जातील ती संघच उरला नाही म्हणून. मग ही गादी तू उंदरांना देऊन टाक."

मर्विन बराच वेळ बंदुकीची नळी पुसत राहिला. ती मघाशीच लख्ख झाली होती.

"आणि मारलेल्या हरणाचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

मार्लिसनं ताडलं. हरणाचं विचारतोय म्हणजे गडी अर्धा आलाच.

"डिसेंबरातलं मेलेलं हरण आहे, मर्व. रात्रभर झाडाला टांगून ठेव. उठून चालायला लागायचं नाही."

शनिवारी आकाश स्वच्छ होतं, थंडी कडाक्याची. चार वाजल्यापासून अकरा पिवळ्या बसा आपापल्या रस्त्याला लागल्या. ड्रायव्हरांना पत्ता विचारावा लागला नाही, सकाळचाच रस्ता, फक्त फाटकाशी दप्तराऐवजी दाढीवाले बाप्ये. बंदुका रिकाम्या करून ज्याच्या त्याच्या पिकअपमध्ये कुलपात. ड्रायव्हर बायकांनी ह्या बाप्यांची मनसोक्त फिरकी घेतली. पाय पुसून चढा, मागच्या सीटवर दंगा नको, कुणाला शू लागली असेल तर आत्ताच जाऊन या. चर्चच्या बायकांनी प्रत्येक बसमध्ये पोर्क सँडविचांचे डबे चढवले होते. फोनवर एकेका बसची खबर येत होती, भरली, भरली, ही पण भरली, आणि मार्लिस प्रत्येक फोनला स्टिअरिंगवर थाप मारत होती.

तिची स्वतःची, पैलवानांची निळी बस मर्विनच्या टोळीसाठी होती. शेडजवळ पोचली तर तिथं चिटपाखरू नाही. सूर्य केव्हाच गेला होता. वरचा अर्धा तासही संपला होता. पिकअप ओळीनं उभ्या, माणूस एक नाही. तिनं हॉर्न दिला, परत दिला. मर्विननं शब्द फिरवला असावा, सगळ्यांना मुद्दाम रानातच धरून ठेवलं असावं. एकाच टोळीची ती पन्नास माणसं, पण लिंडहोमनं शेवटची खुर्ची म्हटलं होतं. पन्नास रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर एका रांगेत दिसल्या की झालं.

तेवढ्यात ओढ्याकडून टॉर्चचे उजेड हलताना दिसले. जखमी झालेलं हरण सोडून यायचं नाही हा तिथला नियम, आणि मर्विनच्या टोळीचं एक हरण पार ओढ्यापलीकडे जाऊन पडलं होतं. ते ओढत आणेपर्यंत सगळ्यांची दमछाक झाली होती. मर्विन सगळ्यांत पुढं होता, गुडघ्यापर्यंत ओला.

"उशीर झाला," तो म्हणाला, जणू काही तिला दिसत नव्हतं.

"चढ," मार्लिस म्हणाली. "आणि धरून बस."

त्यानंतर तिनं ती बस जशी हाकली, तशी परत हाकलीस तर लायसन्स जाईल असं तिला शेरीफच्या माणसानं पुढच्या आठवड्यात कॅफेत ऐकवलं. तो स्वतःही मागून तिसऱ्या सीटवर केशरी टोपीत बसला होता, त्यामुळे प्रकरण तिथंच मिटलं. वळणावर बस जरा सरकली की सगळी टोळी एका सुरात ओरडे, सरळ झाली की टाळ्या. मर्विन मात्र काचेतून पुढं बघत होता. गावाचे दिवे दिसायला लागले तसा तो पायांनी ताल धरायला लागला, आणि मार्लिसनं ते आरशात पाहून न पाहिल्यासारखं केलं.

क्रीडागृहासमोर अकरा पिवळ्या बसा ओळीनं उभ्या होत्या. मार्लिसनं दाराशी बस लावली, टोळी धडाधडा उतरली आणि धावतच आत घुसली. बूट, चिखल, केशरी पाठी. मर्विन शेवटी उतरला. दारात जरा घुटमळला, टोपी काढली, परत घातली, आणि आत गेला.

बस लावायला जागाच नव्हती. पार पलीकडच्या गल्लीत, पोहण्याच्या बंद तलावामागं ती उभी करून मार्लिस जवळजवळ पळत परत आली. धाप लागली होती, केस विस्कटले होते. दारात पिवळं जाकीट घातलेला एक राखणदार उभा होता. त्या दिवसापुरता बाहेरगावाहून आणलेला, त्यामुळे तो तिला ओळखत नव्हता. त्यानं हात आडवा धरला.

"माफ करा, मॅडम. आत जाता येणार नाही. एकही जागा उरलेली नाही."

मार्लिस जागच्या जागी थांबली.

"काय म्हणालात?"

"जागा नाही. शेवटची खुर्ची आत्ताच गेली, एका ओल्या पँटवाल्या माणसाला. आणि अग्निशमनवाले कुणाला उभंही राहू देत नाहीत."

"परत सांगा."

तो बिचारा घाबरला. ही बाई आता भांडणार असं त्याला वाटलं असावं. त्यानं आवाज शक्य तितका मऊ केला.

"मॅडम, खरंच सांगतो. एक खुर्ची रिकामी नाही."

मार्लिसनं त्याला दोन्ही हातांनी कमरेत धरलं आणि जाकिटासकट जमिनीवरून वर उचललं. तो काही बोलायच्या आत आतून असा आवाज उठला की दाराच्या काचा थरथरल्या. टेट ब्रनिंग गादीवर आला असावा. त्या शिव्या होत्या की टाळ्या हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता, पण आवाज गच्च भरलेल्या घराचा होता. मार्लिसनं राखणदाराला हळूच खाली ठेवलं, त्याचं जाकीट नीट केलं, आणि बंद दारासमोर उभी राहून आतल्या सगळ्यांबरोबर घसा फाटेस्तोवर ओरडली.