पाडलं म्हनत्यात की

धाकटा भाऊ आखातातल्या एका छोट्या देशात नोकरीला निघाला, तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारासमोर निम्मी गल्ली जमली होती. वडील गेल्यापासून घर आम्ही दोघांनी मिळून ओढलं होतं. मी एका शाळेत क्लार्क, तो सोलापूरच्या उन्हात लोकांच्या गच्च्यांवर चढून एसी बसवायचा. "हितं बी गच्ची, तितं बी गच्चीच अक्का," म्हणाला. "ऊन तेच, पगार तेवढा येगळा."

तिथं त्याच्या खोलीत पाकिस्तानातला एक सुतार राहायचा, लाहोरकडच्या कुठल्याशा खेड्यातला. ते ऐकून आई धास्तावली. मग एकदा भावानं व्हिडिओ कॉलवर त्यालाच पुढं ढकललं. "ह्यो बघ आई, तुझ्या कडक भाकऱ्या अन् शेंगाचटणी ह्यानंच संपवली." उंचापुरा गडी, लाजून म्हणाला, "सलाम, अम्मी." आईचं हिंदी म्हणजे भाजी बाजारात आणि पलीकडच्या मोहल्ल्यात चालतं तेवढंच. "खाना खाया क्या रे बेटा?" तिनं विचारलं. तेव्हापासून प्रत्येक फोनला ती आधी त्याची चौकशी करायची, मग लेकाची.

पुढं तिकडं युद्ध पेटलं. भाऊ होता त्या देशाचं भांडण नव्हतं, पण मिसाईलं त्याच्या डोक्यावरून जायची. मी फोनवर रडकुंडीला आले, तर मलाच समजावायला लागला.

"अक्का, ह्या शेजारशेजारच्या देशांनी आपली रडारं जोडून घेतल्यात. एकाला आभाळात काय दिसलं की दुसऱ्याला लगेच कळतं. ज्याला जवळ पडंल त्यो पाडतो. आपसात पटत न्हाय त्यांचं, पण एवढं मात्र सांगत्यात एकमेकांना."

"आणि तुला कसं कळतं?"

"फोन बोंबलतो की. मग आमी समदे तळघरात. ह्यो आपला सुतार पत्ते काढतो खिशातनं."

मी आईला तसंच सांगितलं. तिला रडार कळलं नाही, पण शेजारी सांगतात एवढं कळलं. "चांगली मानसं हायत म्हनायची," ती म्हणाली, आणि त्या दिवशी नीट जेवली.

तो फोन आला तेव्हा मी शाळेत एका मुलीचा दाखला लिहीत होते. नंबर भावाचा, आवाज त्या सुताराचा. "आपा," म्हणाला आणि पुढं बराच वेळ नुसता रडला.

भाऊ इमारतीच्या गच्चीवर मशीन दुरुस्त करत होता. इशारा वेळेवर आला होता, शेजारच्या देशानं कळवलेला. भाऊ खालीही उतरला होता. अंगण ओलांडून तळघराकडं निघाला होता. मिसाईल वर आभाळातच फुटलं, आणि त्याचा एक जळता तुकडा त्या अंगणात पडला. बाकीचे सगळे तोवर तळघराच्या जिन्यात पोचले होते.

संध्याकाळी टीव्हीवर नकाशा दाखवत होते. सगळी क्षेपणास्त्रं हवेतच नष्ट, शेजारी देशांच्या एकजुटीला मोठं यश. खाली पट्टीवर एक ओळ सरकून गेली, अवशेष पडून एका कामगाराचा मृत्यू. आई माझ्याकडं वळली.

"पाडलं म्हनत्यात की. मग माझं पोरगं कसं गेलं?"

पाडलं नसतं तर ते एखाद्या भरल्या वस्तीवर पडलं असतं, कितीतरी आयांची पोरं गेली असती, हे मला कळत होतं. अजूनही कळतं. पण त्यामुळं राग कुणावर धरायचा तेच सापडत नाही, आणि कुणावरच धरता न येणारा राग फार वाईट असतो. तो घरातच राहतो.

त्यानंतर त्या सगळ्या देशांनी मिळून आपापली आभाळं बंद केली. विमानं थांबली आणि भाऊ तिकडंच अडकला. तो सुतार काम सोडून शवागाराच्या दारात बसायचा, कागदांवर शिक्के मारून घ्यायचा आणि रोज मला कळवायचा. अखेर विमानं सुरू झाली, पेटी हैदराबादला उतरली, तिथून ॲम्ब्युलन्सनं सोलापूरला आली. उघडू नका, असं सांगितलं होतं. विहारातल्या बायांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली तरी आई पेटीच्या लाकडाला गाल लावून बसली होती. तिला उठवायला कुणाचा हात पुढं होईना.

नंतर तिनं अन्न सोडल्यासारखंच केलं. एक दिवस सुताराचा फोन आला, तेव्हा माझ्या हातातून तिनं तो घेतला.

"बेटा, उसने पानी मांग्या क्या रे?"

तो म्हणाला, "मांगा था, अम्मी. मैंने पिलाया. पूरा गिलास पिया उसने."

आईनं डोळे मिटले. त्या दुपारी तिनं भाकरी कुस्करून घेतली.

त्यांची कंपनी बंद पडली, सगळ्यांना घरी धाडायचं ठरलं. निघायच्या आधी सुतारानं मला शाळेत फोन केला. "आपा, तुमच्यापाशी बोलायचंय, अम्मींपाशी नाही," असं काहीतरी त्याच्या बोलीत म्हणाला. मग सांगितलं. भावानं पाणी मागितलंच नव्हतं. सुतार जिन्यातून पळत अंगणात पोचला, तोवर सगळं संपलं होतं. अम्मींशी खोटं बोललो, जाण्याआधी खरं सांगू का, त्यानं विचारलं.

"नको," मी म्हणाले. मराठीतच. त्याला कळलं.

त्यानं गावाकडचा नंबर दिला. तुमच्या मुलखातून लागेल की नाही ठाऊक नाही, म्हणाला. मी लावून पाहिला. लागला नाही.

परवा गल्लीतली एक बाई आईला भेटायला आली होती. आई तिला सांगत होती, "पानी पिऊन गेला माझा. पाकिस्तानच्या पोरानं पाजलं शेवटाला. लई गुणाचं पोरगं." बाई पदरानं डोळे पुसायला लागली. मी चहा टाकायला आत गेले.