कुलूपबंद घरातलं ओलं सारवण

आधीच सांगून टाकतो… भूत, करणी, चकवा यातलं मी काहीही मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबतो, पण ते मांजराच्या कौतुकासाठी. आणि पुढे जे सांगणार आहे त्यात भूत असलंच, तर त्याच्यापेक्षा मी जास्त वाईट वागलोय.

साल अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी. मी नाशिकला पर्यटनाच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. आमच्या साहेबांच्या हाती कुठूनसं एक विलायती मासिक लागलं. त्यात वेस्ट इंडीजच्या बेटांवरची जुनी लाकडी घरं — रंगीत झडपा, नक्षीच्या झालरी — आणि ती बघायला म्हणे विमानं भरून माणसं येतात. आम्हाला वेस्ट इंडीज म्हणजे फक्त फास्ट बोलर ठाऊक!

साहेब म्हणाले, "त्यांच्याकडे समुद्र आहे, आपल्याकडे धरण आहे. पण घरं कुठायत?"

मी आगाऊपणे बोललो, "सुरगाण्याकडे आहेत सर. कुडाची."

झालं. एक खरं घर उतरवून आणायचं आणि गंगापूर धरणाजवळ पर्यटकांसाठी जसंच्या तसं उभं करायचं, हे काम माझ्याच गळ्यात पडलं.

घर मिळालं ते पवळीबाईंचं. कारवीच्या काटक्या विणून वर मातीचा लेप दिलेल्या भिंती, मधोमध छत पेलणारा सागाचा खांब, म्हणजे मेढ, एकच दार, खिडकी नाहीच. बदल्यात ऑफिस त्यांना पत्र्याचं नवं घर बांधून देणार होतं. मुलगा कबूल झाला. बाई मात्र मेढीला पाठ लावून बसून राहिल्या.

"न्या," शेवटी म्हणाल्या. "पण घर उभं राहिलं का पयलं सारवण मी करीन. दुसऱ्या कुणाचा हात नाय लागायचा. नायतं घराला वाटंल, बाईनं टाकलं."

"मावशी, जीप पाठवतो तुम्हाला न्यायला. शब्द!"

"शब्द नको. जीप पाठव."

मी मापं घेतली, नकाशा काढला, वाशांवर लाल रंगाने नंबर टाकले. महिन्याभरात घर धरणाजवळ उभं. खाली सिमेंटचा कोबा, त्यावर शेणाचं सारवण द्यायचं ठरलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पवळीबाईंना आणायचं होतं. निरोपही गेला होता.

त्या दिवशी सकाळी मला आठवण झाली की माझा सफारी सूट मालेगावच्या शिंप्याकडे पडलाय. उद्घाटनाला पाहुणे येणार, फोटो निघणार… आणि मी काय जुन्या टेरिकॉटमध्ये उभा राहू?

ड्रायव्हर रज्जाकभाई म्हणाला, "साहेब, सुरगाणा का मालेगाव, एक काय ते बोला. दोन्हीला जीप नाय, हेलिकॉप्टर लागंल."

मी मालेगाव म्हणालो.

संध्याकाळी साहेबांना सांगितलं, "बाई आजारी आहे सर." मग जमिनीवर सतरंजी अंथरू असं ठरवून मी दाराला कुलूप लावलं. चावी एकच. दुसरी मी पहिल्याच आठवड्यात हरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात, नवा सूट घालून मी कुलूप काढलं. आत पाऊल टाकलं आणि घसरलो!

सगळी जमीन सारवलेली. ओली. बोटांचे अर्धगोल एकाला एक लागून, दारापासून पार मागच्या भिंतीपर्यंत. फक्त मेढीच्या डावीकडे एक वाटोळी जागा कोरडी सोडलेली, परातीएवढी.

मी भिंती चाचपल्या. एक काटकी हललेली नव्हती. रखवालदार म्हणाला, कुणी फिरकलं नाही. तेवढ्यात साहेब आले.

"अरे वा! आजारी म्हणालास ना? आली की बाई!"

"हो सर… आली," मी म्हणालो. माझ्या पाठीला शेण लागलं होतं आणि माझ्या तोंडून हे निघालं.

"आणि हा गोल कसला?"

"सूर्याचं प्रतीक, सर. त्यांची परंपरा आहे."

पाहुण्यांनी त्या गोलाचे फोटो काढले. पुढे माहितीपत्रकातही 'सूर्याचं प्रतीक' छापून आलं. माझी विद्वत्ता!

रविवारी एस.टी.ने सुरगाणा गाठलं. पवळीबाई पत्र्याच्या घराबाहेर नागली पाखडत होत्या. मला बघून हात थांबवला नाही.

"फाट्यावर बसले दिवसभर. शेणाची पाटी घेऊन. बाया हसत व्हत्या — पवळी जीपची वाट बघते! अंधार पडाया लागला तवा पोरानं वडून आणलं."

"आणि रात्री?" मी विचारलं.

"रात्री काय? झोपले. दुसरं काय करू?" मग म्हणाल्या, "सारवलं कुणी?"

"बाया लावल्या," मी म्हणालो. आणखी एक थाप!

"उखळ तं इठंच टाकून गेला. मी आले असते तं तेवढी जागा सोडली असती. मागून बसवता आलं असतं."

जुन्या घराच्या जागी उघड्यावर उखळ होतं. जमिनीत तोंडापर्यंत पुरलेलं दगडी उखळ. मी नकाशात ते काढायलाच विसरलो होतो, त्यामुळे नाशिकमध्ये कुणालाच ते माहीत असणं शक्य नव्हतं. मेढीच्या खड्ड्यापासून उखळापर्यंत टेप लावला. सोमवारी धरणावर जाऊन त्या कोरड्या गोलापर्यंत लावला. बोटभरही फरक नाही. डावी बाजू, तोच घेर.

निघताना बाई म्हणाल्या होत्या, "एकदा ने मला. उखळ पण नेऊ. घर बघून येते."

न्यायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की साहेब त्यांना म्हणाले असते, 'त्या दिवशी छान सारवलंत हो,' आणि त्या म्हणाल्या असत्या, 'मी कुठं आले?' माझं बिंग फुटलं असतं. म्हणून नाही नेलं. कंडक्टरच्या हाती दोनदा निरोप आला. दोनदा कळवलं, जीप नादुरुस्त आहे. तिसरा निरोप आला तो, बाई गेल्याचा.

मी गेलो. मुलगा दारातच भेटला. तो चिडेल, दोन शब्द ऐकवेल, अशी तयारी ठेवली होती. त्याने घोंगडी टाकली.

"बसा. आई सांगून गेली, नाशिकचा सायब आला तं चहा पाजल्याबिगर सोडू नको. लांबून येतो तो."

ते सारवण कुणी केलं, कसं केलं, मला माहीत नाही. चाळीसेक वर्षं झाली, अजून नाही. विचारू नका. बिनदुधाचा चहा होता, गूळ घातलेला. मी दोन कप प्यायलो, आणि तेव्हाही त्या मुलाला खरं सांगितलं नाही.