सायराबीचे हात

पहिल्या रविवारी मी गुलाबला पंधरा मिनिटं वर्गाचे नियम समजावले. तो मान हलवत होता, म्हणून हुरूप आला. कुत्र्याचं नाव विचारलं तर उत्तर येईना, मी आवाज चढवला. तेव्हा रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाबू, घसा कायले फोडून राह्यले? त्याले जन्मापासून ऐकू येत नाही." रांगेतली कुत्रीसुद्धा माझ्याकडे पाहत होती.

त्या वर्षांत आमच्या घाटंजीकडे लोकांची अर्धी झोप कापसाने उडवली होती आणि उरलेली रानडुकरांनी. राखणीला घरोघर कुत्री आली, ती डुकरांपेक्षा माणसांवरच धावू लागली. म्हणून पशुदवाखान्याच्या डॉक्टरांनी बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात कुत्र्यांना वळण लावायचा आठ रविवारांचा वर्ग काढला. मी दवाखान्यातला बाबू. नावं लिहिणं आणि उगाच धावपळ करणं माझ्याकडे. तांड्यावरच्या गुलाब राठोडचं कुत्रं सरपंचांना चावलं होतं. आठव्या रविवारपर्यंत ते सुधारलं नाही, तर लांब जंगलात सोडायचं ठरलं होतं. गुलाब शेतात एकटा, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून झोपायचा. पाठ थरथरली की डुक्कर आलं. त्याचे कान ते एवढेच.

मला चैन पडेना. यवतमाळहून मूकबधिर शाळेतल्या एक बाई शोधून आणल्या. त्यांच्या बोटांकडे गुलाब बराच वेळ कौतुकाने पाहत राहिला आणि शेवटी त्याने नमस्कार केला. तो शाळेत गेलाच नव्हता. शाळेच्या खुणा त्याला कुठून येणार? बाईंना एसटीत बसवून परत फिरलो, तर शिवणकाम करणाऱ्या सायराबीच्या ओट्यावर गुलाब उभा. तिच्या ओठांत टाचण्या, आणि दोन्ही हात भरभर चाललेले. गुलाब पोट धरून हसत होता. मी जिल्हा पालथा घातला होता आणि बायकोने कंबर सैल करायला टाकलेली माझी पँट याच बाईच्या मशीनवर पडली होती.

कुठे शिकलीस, विचारलं. टाचण्या काढून म्हणाली, "लहानपणी संगं बकऱ्या चारत होतो. मी बोलत राहायची, तो पाहत राहायचा. मंग मलेच कंटाळा आला बोलाचा."

ती वर्गाला यायला लागली. हात कधी स्वस्थ नसायचे. बोलणं नसलं की ओढणीचं टोक तरी दुमडत राहायची. डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं चावतं का? गुलाबचे हात पाहून तिने सांगितलं, "काठी उगारली तं चावते, म्हणते. ते तुम्हालेही चावीन." सरपंच समोरच बसलेले. मी हळूच म्हटलं, जरा गोड करून सांग. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कपडा त्याचा आहे, बाबू. मी काहून कापू?"

आठव्या रविवारी सरपंच स्वतःच काठी घेऊन उठले. त्यांनी काठी उगारली, कुत्र्याची पाठ ताठ झाली. मी तीनदा चष्मा पुसला. सायराबीचे हात वर आले, पण अर्ध्यातच तिने ते ओढणीखाली घट्ट दाबून धरले. तिचे हात स्थिर पाहिले ते तेवढेच. गुलाबने पालथा तळवा हळूहळू खाली नेला. कुत्रं बसलं. सरपंचांनी काठी खाली ठेवली आणि डॉक्टरांना म्हणाले, "राहू द्या."

पुढे सात वर्षं गुलाबशी माझं सगळं बोलणं तिच्याच हातांनी झालं. त्याचं काही काम निघालं की मी तिच्या ओट्यावर जाऊन बसायचो.

एका दुपारी ती मशीनवरच गेली. गुलाबला कुणी कळवलं होतं का, कुणालाच माहीत नव्हतं. मी शेतात गेलो. त्याने हात पुसून माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे पाहिलं, ती आली असेल म्हणून. मी हवेत मशीनचं चाक फिरवलं. फिरवतच राहिलो. मग थांबवलं. पुढे काय करायचं सुचेना, म्हणून तळवा पालथा करून हळूहळू खाली नेला. म्हातारं झालेलं ते कुत्रं निमूट बसलं. थोड्या वेळाने गुलाबही बसला.

घरी आल्यावर हे सगळं बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सुपातून मान न उचलता म्हणाली, "कुत्रं आठ रविवारात शिकलं. तुमच्या हाताले काय झालं होतं?"