दाराआडचे पाय

चवथीला विद्यार्थ्याच्या घरी गेले आणि गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या रानफळांचा तुरट वास आला, की मी पुन्हा मये गावातल्या आमच्या घरात दाराआड उभी असते. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. गणपती बघायला आलेल्या बाई आता तेच सांगणार, म्हणून मी लपले होते; दाराखालून फक्त माझे पाय दिसत होते. बाबाही बाईंसमोर बसेनात. हात जोडून म्हणाले, "आमच्या चेडवान काय केल्यान, बाई?"

बाईंनी त्या पायांकडे पाहिलं आणि माटोळीतलं एक फळ दाखवलं. "याचं नाव मला येत नाही. हिला विचारू?"

मी दाराआडूनच सांगितलं. मग शेजारच्या फळाचंही. बाबा हळूच खाली बसले.

आता मीच बाई आहे. गणपतीला हात जोडण्याआधी दाराआडचे पाय शोधते.