सोमवारपर्यंत थांबलेली

घडीबाई,

तुला वाचायला जड जातं, म्हणून हे पत्र तुझ्यासमोर बसून मीच, तुझी शेजारची मावशी, मोठ्यानं वाचणार आहे. यातलं सगळं तुला ठाऊक आहे. बाकीच्यांना नाही, त्यांच्याही कानांवर पडू दे.

लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालणारी ही बाई. समज उशिरा यायची, पण एकदा हाताला बसलं की चुकायची नाही. म्हणून तिथल्या बायकांनी नाव पाडलं घडीबाई. नवरा गॅरेजात गाड्या धुवायचा, तोही तसाच. दोघांची एक रीत होती. कुणी काही सांगितलं की तिनं ते म्हणून दाखवायचं, त्यानं करून दाखवायचं. नाही जमलं तर सांगणाऱ्याला परत जाऊन विचारायचं. संसार नीट चालला होता. थोरला दीर म्हणायचा, "दोघांत मिळून एक अक्कल." असेना का, त्याच्या घरी तेवढीही नव्हती.

दिवस राहिले तेव्हा दोघं मिळूनच दवाखान्यात गेली. नर्सनं त्याला दारातच अडवलं.

"पुरुषांनी बाहेर थांबा."

"मला ऐकायचंय ना."

"का, तुम्हाला दिवस गेलेत?"

बाकावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

आत तिला भराभर काय काय सांगितलं आणि हातात एक छापील कागद कोंबला. तिला कळलं नाही, म्हणून ती परत विचारायला गेली, मग पुन्हा गेली. डॉक्टरीणबाई वैतागल्या. "अगं, उठसूट काय येतेस? सोमवारी ये म्हटलं की सोमवारीच. मध्ये फिरकायचं नाही."

एवढं मात्र तिला स्वच्छ कळलं. घरी येऊन तिनं ते म्हणून दाखवलं आणि त्यानं करून दाखवलं. खुर्चीवर हात बांधून गप्प बसला.

आठव्या महिन्यात, एका गुरुवारी, पोटातलं बाळ हलेनासं झालं. लॉन्ड्रीतली म्हातारी म्हणाली, "ऊठ, दवाखान्यात जा."

"सोमवारी," ती म्हणाली.

नवऱ्यानं पोटाला कान लावून पाहिला. दोघं घाबरली, रडली, पण सांगितलेलं मोडलं नाही. सोमवारी रांगेत पहिली तीच होती.

डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवलं, पुन्हा फिरवलं. "आधी का आली नाहीस?"

"सोमवार नव्हता."

आता दवाखान्यात म्हणतात, आईबाप निष्काळजी होते. इतकं तंतोतंत ऐकणारी माणसं त्यांच्या दारात दुसरी आली नसतील. नवऱ्याला आत घ्यायचं आणि तेच सावकाश, करून दाखवत सांगायचं, एवढंच काम होतं. तेवढ्यालाही यांना फुरसत नव्हती.

बाळ गेलेलंच जन्मलं, त्याला दीर परस्पर पुरायला घेऊन गेला. "तिला काय कळतंय," म्हणाला, आणि कुठे ठेवलं ते सांगितलं नाही.

तू मला म्हणालीस, "मावशी, ती जागा बघायला आपण जाऊ." मी हो म्हटलं. दिराला गोडीनं विचारलं, चारचौघांत खडसावलं. तो तोंड उघडत नाही. तू चपला घालून माझ्या दारात येतेस, बसतेस, परत जातेस. आपलं जाणं काही झालेलं नाही.