भिंतीचं गाणं आणि रविवारची सभा

पत्रकात एकच वाक्य दोनदा आलं की आमच्या संघटनेत लाल पेन फिरायचं. कागद फुकट येत नाही आणि वाचणारा फार वेळ थांबत नाही. एकदा सांगा, ठळक सांगा, खाली मागणी लिहा. मी या शिस्तीत वाढलेली. त्यामुळे खोपोलीतल्या त्या खोलीत, रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद करून घामाघूम बसलेली असताना, माझ्या मित्राने एक ओळ म्हटली, गिटार वाजवली आणि पुन्हा तीच ओळ म्हटली, तेव्हा माझं डोकं सटकलं.

नदीकडं जायची वाट, तिथं भिंत उभी हाय,
नदीकडं जायची वाट, तिथं भिंत उभी हाय,
आज्याचे दिवस करायला आता टेंपो करून जाय.

"दुसऱ्यांदा तेच कशाला?" मी विचारलं.

"ब्लूज असंच असतं गं, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. पहिल्यांदा तू नुसती ऐकतेस. दुसऱ्यांदा वाटतं, अरे, हा खरंच म्हणतोय."

"आणि भिंत घालणाऱ्या रिसॉर्टचं नाव? मागणी कुठाय?"

"ती तुझ्या पत्रकात हाय ना. मग गाण्यात कशाला जागा अडवायला?"

हा माझा कॉलेजातला मित्र. घरचं पाईप-फिटिंगचं दुकान. तिथल्याच नळाचा बोटभर तुकडा कापून, घासून तो करंगळीत घालतो आणि तारांवरून सरकवत गिटार वाजवतो. कोणीतरी बोलायला तोंड उघडतंय आणि हुंदक्यावर अडतंय, असा आवाज येतो. त्याचे अब्बा म्हणायचे, "आमी पाईप विकून घर चालवलं, हा पाईप वाजवून चालवणार." त्या खोलीत चाललेल्या अल्बममध्ये फक्त त्याचा गळा आणि गिटार. कारखान्याच्या वासावर एक गाणं, टँकरच्या रांगेवर एक, आणि हे भिंतीचं. एका गाण्यात घाट चढणाऱ्या मालगाडीचा भोंगा घुसला, तोही त्याने तसाच ठेवला. काढायला सांगितलं तर म्हणाला, "ती पण इथलीच हाय."

भिंत मात्र खरी होती. कळंबजवळच्या एका रिसॉर्टने गावातून नदीवर जाणाऱ्या पायवाटेवर कंपाउंड घातलं होतं. याच वाटेने गुरं जायची, धुणं जायचं, गणपती जायचे, आणि कोणी गेलं की दहाव्याला माणसं पिंड घेऊन जायची. आता नदी गाठायची तर रस्त्याने मोठा वळसा, म्हणजे टेंपो. आमची मागणी सरळ होती: भिंत पाडा, वाट मोकळी करा. ग्रामसभेत ठराव व्हावा म्हणून आम्ही दर रविवारी देवळासमोर सभा घ्यायचो. येणार कोण, तर काही म्हातारे आणि गावची कुत्री. एकदा मित्राला वाजवायला बसवलं. दोन गाणी झाल्यावर एका आजोबांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "भजन कदी चालू व्हायचं?"

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, 'कधी जागे होणार?'

पुढे अल्बम बाहेर आला आणि त्याच रिसॉर्टच्या मॅनेजरचा मित्राला फोन आला. अल्बम ऐकला, साऊंड लय भारी, शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांसमोर वाजवाल का?

"तू जाणार नाहीस," मी म्हटलं.

"जाणार."

"त्यांच्याच भिंतीच्या आत बसून भिंतीचं गाणं म्हणणार?"

"बाहेर म्हटलं तवा कोण ऐकायला आलं?"

"अब्बांच्या दुकानातून त्यांना नळ गेलेच होते. आता तू जा."

"हां. नळ गेले, पाईप राहिला होता," तो म्हणाला आणि गिटार उचलून निघाला.

पहारा ठेवायला म्हणून मीही गेले. स्विमिंग पूलच्या कडेला खुर्च्या, दिव्यांच्या माळा. भिंतीचं गाणं सुरू झालं आणि पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. एक बाई मोबाईलवर शूट करता करता शेजारणीला म्हणाली, "किती अर्दी आहे ना, अगदी मातीतलं." मला ते बघवेना. मी मागे वळून किचनच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. टेंपोची ओळ आली आणि खिडकीच्या आतून हशा फुटला. पिठाचे हात घेऊन गावातल्या बायका उभ्या होत्या. आमच्या सभेत त्यांच्यातली एकही मला कधी दिसली नव्हती.

त्यांच्यातल्या वयाने मोठ्या एक मावशी म्हणाल्या, "मेल्यानं आमच्या सासऱ्याचंच गाणं केलंय. टेंपो पंक्चर झालेला, ते नाय घातलं?"

"मावशी, एवढं आहे तर सभेला का येत नाही तुम्ही?"

"तू सभा ठेवतेस रविवारी. रविवारी आख्खी मुंबई इथं जेवायला बसते गं. भाकऱ्या काय तुझं पत्रक थापणार?"

आमच्या बैठकांत इतकी डोकी होती. रविवार म्हणजे सुट्टी, याच्या पलीकडे एकाचंही चाललं नव्हतं. ज्यांची वाट गेली त्या बायका रविवारी ड्युटीवर, आणि आम्ही रिकाम्या देवळासमोर त्यांना जागं करत होतो.

सभा बुधवारवर आणली. बायका आल्या, पुढे बसल्या. मी 'भिंत पाडा' म्हणून बोलले आणि मावशी उठल्या. "भिंत राहू दे. तिच्यात फाटक करा."

"वाट आपली आहे मावशी. फाटक कसलं मागायचं?"

"वाट आपली, पण नोकरी त्यांची. आमाला दोनी पायजे."

ग्रामसभेत ठराव झाला तो फाटकाचा. मॅनेजरने लगेच फाटक बसवलं, हिरवा रंगही दिला. आणि मग कुलूप घातलं. शनिवार-रविवार पाहुणे असतात, तेव्हा बंद. मी भांडायला उभी राहिले तर बायका म्हणाल्या, "बगू."

पावसाळा संपता संपता मावशींची सासू गेली. दहावा आला रविवारी. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर फोन उचलेना. शेवटी टेंपोच सांगितला.

मागच्या हौद्यात पिंडांची टोपली मांडीवर घेऊन मी बसले होते. सगळं उरकून परत येताना वळणावरून ते हिरवं फाटक दिसलं, तशी मावशींनी हळूच पहिली ओळ धरली. दुसऱ्या वेळी बाकीच्यांनी धरली, मीही. तिसरी कोणी म्हटली नाही. टेंपोतच तर बसलो होतो.

"आता लिव," मावशी म्हणाल्या.

"भिंत पाडा, असंच लिहिते."

"आदी कुलूप काढा लिव. आणि दोनदा लिव. एकदा लिवलेलं त्यांना दिसत नाय."

दोनदा लिहिलं. लाल पेनवाल्यांशी त्यावरून भांडले. कुलूप अजून तिथेच आहे.